कोष जंतूंना रोखतो, मग रेशमी उशीही रोखते का?

जळगावात थंडी पडली की मेहरूणच्या बोरांची आठवण निघतेच. पण बोराच्या झाडाची आणखी एक ओळख फार जणांना माहीत नसते. टसर रेशीम बनवणारी अळी ज्या झाडांची पानं खाते, त्यात बोरही आहे. आपल्या राज्यात टसरचं उत्पादन मात्र गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात होतं, तेही मुख्यतः ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर.

ही अळी आपला कोष देठाने फांदीला टांगते. आतला प्युपा अनेकदा हिवाळ्यापासून थेट पावसाळ्यापर्यंत तसाच थांबतो. बाहेर ऊन, धूळ, जंतू, बुरशी सगळं असतं. तरी बरेच प्युपे टिकतात. कसे?

हाच मुद्दा पुढे करून आज मोबाईलवर 'नैसर्गिक अँटिबॅक्टेरियल' रेशमी उशीचे अभ्रे विकले जातात. दाव्यात दम किती, ते बघू.

कोषात असतं काय?

रेशमाच्या धाग्यात आत फायब्रॉइन असतं, म्हणजे मजबूत तंतू. त्यावर सेरिसिन, म्हणजे डिंकासारखा थर. तुतीच्या रेशमात हा थर साधारण 20 ते 30 टक्के असतो. यांच्यासोबत थोड्या प्रमाणात काही छोटी प्रथिनंही असतात. खरी गंमत त्यांची आहे.

पहिली म्हणजे सेरॉइन. हैदराबादच्या सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नोस्टिक्समधल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं, की तुतीच्या रेशीमकिड्यातली सेरॉइन बॅक्टेरियाविरुद्ध आणि किड्याला मारणाऱ्या एका व्हायरसविरुद्धही काम करतात.

दुसरी, प्रोटीएज इनहिबिटर. बुरशी आत शिरताना प्रथिनं कापणारी एन्झाइम सोडते. ही एन्झाइम म्हणजे कात्री समजा. इनहिबिटर ती कात्रीच जाम करतात.

2016 मध्ये चीनमधल्या संशोधकांना आढळलं, की कोषातल्या प्रथिनांमुळे ब्युव्हेरिया बॅसियाना या बुरशीची वाढ रोखली जाते. नाव ओळखीचं वाटतंय? घरी शेती असेल तर वाटेलच. कृषी सेवा केंद्रात जैविक कीडनाशक म्हणून हीच बुरशी मिळते. रेशीमकिड्यांना तिच्यामुळे रोग होतो, हे इटलीच्या अगोस्तिनो बास्सी यांनी 1835 मध्येच दाखवून दिलं होतं.

म्हणजे कोषाचं संरक्षण खरं आहे. पण ते कोषाचं आहे, कापडाचं नाही.

कापड होताना काय होतं?

रेशमाला चमक आणि मऊपणा यावा म्हणून ते साबण-सोड्याच्या पाण्यात उकळतात. सेरिसिनचा थर निघून जातो. त्यासोबत छोटी प्रथिनंही बरीच धुऊन जातात. पुढे रंग, प्रक्रिया, तुमच्या घरची धुणी. त्यामुळे कच्च्या कोषावरच्या प्रयोगाचा निकाल तयार अभ्र्याला लावता येत नाही. शस्त्रक्रियेतल्या रेशमी टाक्याचंच बघा. त्याचा धागा विणलेला असतो आणि त्याच्या पेडांत जंतूंना उलट आसरा मिळू शकतो.

कोळ्याच्या जाळ्याचंही तसंच. जखमेवर जाळं लावायचा घरगुती उपाय तुम्ही ऐकला असेल. डेन्मार्कमधल्या आऱ्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये कोळ्यांचं रेशीम तपासलं. जंतू मारण्याचा गुण त्यांना सापडला नाही. आधीच्या काही प्रयोगांत जंतू मेले ते वापरलेल्या द्रावणामुळे असू शकतं, असं त्यांनी म्हटलं. तेव्हा जखम स्वच्छ पाण्याने धुवा, जाळं लावू नका.

याची चर्चा आत्ताच का?

कारण आपली औषधं कमी पडू लागली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर 2025 च्या अहवालानुसार, 2023 मध्ये प्रयोगशाळेत निदान झालेल्या जगातल्या दर 6 बॅक्टेरियल संसर्गांपैकी 1 अँटिबायोटिकला दाद न देणारा होता. भारत ज्या दक्षिण-पूर्व आशिया विभागात येतो, तिथे हे प्रमाण 3 पैकी 1 आहे.

म्हणून नव्या शस्त्रांचा शोध चालू आहे आणि त्यात रेशमातली प्रथिनंही आहेत. पण प्रथिनाचं औषध करणं सोपं नाही. पोटात गेलं तर ते पचून जातं, रक्तात दिलं तर शरीर त्याच्याविरुद्ध उठू शकतं. प्रयोगशाळेतल्या बशीपासून मेडिकलच्या काउंटरपर्यंतचा रस्ता लांबचा आहे.

तोवर हातात आहेत ती अँटिबायोटिक्स जपायला हवीत. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सर्दी बहुतेक वेळा व्हायरसमुळे होते, तिथे अँटिबायोटिक चालतच नाही. मित्राच्या उरलेल्या गोळ्याही नकोत.

आणि अभ्रा? आवडला तर घ्या, मऊ असतो. फक्त 'अँटिबॅक्टेरियल' म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: चाचणी कोषावर केली की याच कापडावर? आणि किती धुण्यांनंतर?