मालकाचा घोडा, मालकाचं पुस्तक

या अंकाची सुरुवात माफीने करायची आहे.

मागच्या अंकात आम्ही एका पोरीचं लिखाण छापलं. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. एका घरात अंगठी सापडेना, तेव्हा सगळ्यात आधी तिच्या आईचा पदर झाडला गेला. अंगठी नंतर मालकिणीच्याच कपाटात निघाली. पोरीनं हे घरात बोलतात तसं लिहून दिलं. आम्ही काय केलं? 'व्हती'चं 'होती' केलं, शिव्या गाळल्या आणि शेवटी क्रांतीची दोन वाक्यं आमच्या पदरची जोडली. अंक हातात पडल्यावर ती आली नि म्हणाली, "दादा, ही माझी आई न्हाई."

आम्ही गप्प. बोलणार काय? तिचं खरं होतं.

ही चूक किती मोठी आहे ते एका परदेशी बाईच्या हकिकतीवरून आम्हाला उमगलं. मार्गारेट कॅचपोल तिचं नाव. जन्म १७६२, इंग्लंडातल्या सफोक परगण्यात. घर गरिबाचं, शाळा जवळजवळ नाहीच, कळत्या वयापासून दुसऱ्याच्या घरी राबणं. १७९३ साली ती इप्सविच गावात कॉबोल्ड कुटुंबाकडे कामाला लागली. कॉबोल्ड म्हणजे बिअरच्या कारखान्याचे मालक, पैसेवाले. मालकीण एलिझाबेथ स्वतः लेखिका. मार्गारेटनं त्यांची चूल सांभाळली, पोरं सांभाळली, मरता मरता पोरांना वाचवलं असंही सांगतात. त्याच घरात ती लिहायला-वाचायला शिकली. अगदी घरच्यासारखी होती म्हणे! हा शब्द आपल्या आयाबहिणींना नवा नाही. 'घरच्यासारखी' म्हणजे घरची नव्हे, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

१७९५ मध्ये ते काम सुटलं. मग आजारपण आणि बेकारी. १७९७च्या मे महिन्यात एका रात्री तिनं जुन्या मालकाच्या तबेल्यातला घोडा सोडला, त्यावर बसली आणि सत्तर मैल दौडत लंडन गाठलं. तिथं पकडली गेली. गुन्हा कबूल केला. शिक्षा फाशी.

घोड्यापायी फाशी! त्या काळी इंग्लंडच्या कायद्यात दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी होती आणि त्यातले बहुतेक मालमत्तेचे. ज्यांच्याकडे मालमत्ता त्यांनीच पार्लमेंटात बसून हे कायदे केले. घोडाचोरीची फाशी १८३२ साली उठली. मार्गारेटची फाशी बदलून सात वर्षांची हद्दपारी झाली, पण तीन वर्षं ती इप्सविचच्या तुरुंगातच सडली. मार्च १८०० मध्ये कपडे वाळत घालायच्या दोरीवरून ती बावीस फुटी भिंत चढून पळाली. पुन्हा पकडली, पुन्हा फाशी, पुन्हा दयेचा तुकडा, आणि या खेपेला जन्माची हद्दपारी. १४ डिसेंबर १८०१ रोजी 'नाइल' जहाजानं तिला सिडनीला उतरवलं.

ही दया फुकटची नव्हती. अमेरिकेतल्या वसाहती हातच्या गेल्यावर इंग्रजाला कैदी टाकायला जागा हवी होती आणि नव्या वसाहतीला राबणारे हात हवे होते. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० माणसं ऑस्ट्रेलियात नेऊन टाकली. त्यात पंचवीस हजारांच्या आसपास बाया, बहुतेक चोरीच्या गुन्ह्यातल्या आणि कितीतरी मोलकरणी. चोर म्हणून शिक्का मारायचा आणि मग जन्मभर राबवायचं. हेच यंत्र इथंही फिरत होतं. कंपनी सरकारनं इथली माणसं बेनकुलेनला, पेनांगला, मॉरिशसला पाठवली, मुंबई इलाख्यातूनही पाठवली. १८५८ पासून अंदमान. काळं पाणी म्हटलं की आपल्याला पाठ्यपुस्तकातले राजबंदी आठवतात. ज्यांचा कुणी हार घालून फोटो लावला नाही ते हजारो आठवत नाहीत.

सिडनीत मार्गारेटनं स्वयंपाक केला, शेतमळ्यावर देखरेख केली, हॉक्सबरी नदीच्या बाजूला सुईणपण करत पोट भरलं. लग्न केलं नाही. १८१४ मध्ये माफी मिळाली, तरी परत गेली नाही. १३ मे १८१९ ला वारली. एका आजारी मेंढपाळाची सेवा करताना त्याचाच ताप तिला लागला.

आता खरी चोरी ऐका. १८४५ साली तिच्यावर कादंबरी आली. लिहिणारा कोण? रेव्हरंड रिचर्ड कॉबोल्ड. त्याच मालकिणीचा मुलगा! त्यानं चोरट्या व्यापारातला प्रियकर रंगवला, त्याच्यापायी तिनं घोडा पळवला असं दाखवलं, तिला पश्चात्ताप करायला लावला, भल्या माणसाशी लग्न लावून दिलं आणि १८४१ पर्यंत जगवली. बाई तर बावीस वर्षं आधीच मातीत गेली होती. वर हे सगळं सत्य म्हणून विकलं. पुस्तक खपलं. पुढं १९११ मध्ये ऑस्ट्रेलियात तिच्यावर मूकपट निघाला.

मालकाचा घोडा एका रात्रीपुरता गेला, त्याला दोनदा फाशी. मोलकरणीचं अख्खं आयुष्य गेलं, त्याला कुठलं कलम लागतं?

पण मार्गारेटची पत्रं उरली. मामा-मावशीच्या नात्यातल्यांना आणि त्या जुन्या मालकिणीलाही तिनं लिहिलेली. व्याकरणाचा पत्ता नाही, कानाला पडेल तसं स्पेलिंग. त्यात पूर आहे, पीकपाणी आहे, कैद्यांचे हाल आहेत. आज इतिहासवाले त्या वसाहतीतल्या कैद्यांचं जिणं कळावं म्हणून कादंबरीकडे नाही, या पत्रांकडे जातात. तिचं अशुद्धच शेवटी खरं निघालं.

मित्रांनो, तिची पूजा मांडायची नाही. तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल ती गोऱ्यांच्याच नजरेनं लिहिते. ज्यांची जमीन लुटली त्यांनाच ती रानटी समजते. तुडवलेल्यानंही खाली बघून तुडवावं, ही व्यवस्थेची सगळ्यात जुनी करामत. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून हीच आपल्याला समजावून दिली. म्हणूनच ती पत्रं जशीच्या तशी हवीत. तिचा दोषही तिच्याच हातचा असू दे.

गोदीत पाळी सुटली की गेटवर आमची झडती होते, साहेबाच्या गाडीची होत नाही. हे आम्ही रोज सोसतो आणि त्यावर कविता करतो. मग हातात लाल पेन येताच आम्हीच त्या पोरीच्या लिखाणाची झडती घेतली. रेव्हरंड कॉबोल्डनं मालकाच्या सोयीनं बाई सजवली, आम्ही चळवळीच्या सोयीनं. आमचा हेतू चांगला होता, हे कारण सांगू नये. त्याचाही चांगलाच असेल.

तेव्हा ठरवलं आहे. ते लिखाण या अंकात पुन्हा छापतो आहोत, 'व्हती'सकट, शिव्यांसकट, आमची दोन वाक्यं काढून. यापुढं लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय कानामात्राही बदलणार नाही.

तुमच्या आया लोकांच्या घरात काय बघतात, काय ऐकतात, कशाचा आळ अंगावर घेऊन घरी येतात, ते लिहून पाठवा. तिला लिहिता येत नसेल तर ती बोलेल तसं उतरवा आणि मग तिलाच वाचून दाखवा. ती म्हणाली, "हां, ही मीच," तरच पोस्टात टाका.