मळ्याचा पैसा

आपल्या सडक अर्जुनीत किराणा दुकानदाराकडे दोन रुपयांची चिल्लर नसली की तो मुलांच्या हातावर चॉकलेट ठेवतो. मुले खूश होतात. पण तीच चॉकलेटे घेऊन गेलो तर तो साखर देत नाही. असा एका बाजूनेच चालणारा पैसा आपल्या देशात फार जुना आहे.

इंग्रजांच्या काळात आसाम, काछाड आणि सिल्हेटच्या चहामळ्यांत मजुराला हाजरीबद्दल धातूचा बिल्ला मिळे. दूरच्या मळ्यांपर्यंत सुटी नाणी पुरेशी पोचत नसत, हे त्याचे एक कारण. बिल्ल्यावर मळ्याचे किंवा कंपनीचे नाव असे. कोणता गोल, कोणता त्रिकोणी, कोणाला मधे भोक. वाचता न येणाराही आकारावरून ओळखे. बरेच बिल्ले बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडले जात. मळ्याच्या आसपासच्या दुकानात त्यावर मीठ-तांदूळ मिळत. मळ्यापासून दूर गेले की मात्र तो नुसता धातूचा तुकडा.

या मळ्यांत छोटा नागपूरचे आदिवासी होते, तसे मध्य प्रांतातले गोंडही होते. आपला भागही तेव्हा मध्य प्रांतातच होता. ज्याची कमाई गावाकडे चालत नाही, त्याने गावी परतायचे कसे? त्यात १८५९ च्या कायद्याने आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षा होई. तरीही मे १९२१ मध्ये चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून बायकामुलांसह घराकडे निघाले.

पैसा म्हणून चालवायचे खासगी धातूचे तुकडे पाडायला १८८९ च्या कायद्याने मनाई होती. मळ्यांचे बिल्ले त्यानंतरही चालू राहिले. कारखाने आणि रेल्वेतील पगार चालू नाण्यांत किंवा नोटांतच द्यावा, असा कायदा १९३६ मध्ये झाला.

भगिनींनो, आता आपल्या घराकडे पाहू. धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या पगारातून जुन्या साडीचे किंवा उरलेल्या जेवणाचे पैसे आपण कापतो का? रोवणीच्या मजुरीऐवजी आपल्याच दुकानातला माल तिच्या माथी मारतो का? साडी जरूर द्या, पण ती भेट म्हणून. मजुरी तिच्या हातात रोख पडली पाहिजे. त्यातून औषध आणायचे की मुलीची वही, हे ठरवणे तिचा हक आहे.