कॉफीचा कप कीं खुर्चीचें भाडें?

गेल्या दिवाळींत येथील मराठी मंडळींच्या फराळाच्या बैठकींत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं एक सिद्धान्त मांडला आणि जमलेल्या वीस-पंचवीस जणांनीं मान डोलावून तो जागच्या जागीं मंजूर केला. सिद्धान्त असा : "या देशांत चांगली कॉफी परवडत नाहीं, आणि परवडते ती कॉफी नव्हे." वाक्य टाळीचें आहे, यांत शंका नाहीं. माझ्या तोंडांत त्या वेळीं चकली असल्यामुळें मला विरोध करतां आला नाहीं. शिवाय फराळहि त्यांच्याच घरचा होता. पण तेव्हांपासून हेंच वाक्य मीं इतक्या तोंडांतून ऐकलें आहे कीं, आतां गप्प बसणें म्हणजे त्याला संमति दिल्यासारखें होईल. हा सिद्धान्त दोन्ही अंगांनीं खोटा आहे, असें माझें म्हणणें आहे. तो नुसता खोटा असता तर मीं लेखणी उचलली नसती. पण त्याचा उपद्रवहि होतो, आणि कोणाला होतो तें पुढें सांगेन.

येथील म्हणजे ब्रेमेनचे. उत्तर जर्मनींतील या शहराचा आमच्या पुण्याशीं जुना स्नेहसंबंध आहे, त्यामुळें पुणेकराला तें अगदींच परकें वाटत नाहीं. पण माझ्या मुद्द्याला महत्त्वाची गोष्ट निराळी. हें बंदर कॉफीवर पोसलेलें आहे. १६७३ सालीं येथें कॉफीगृह काढण्याची परवानगी मिळाली. जर्मन भाषेच्या मुलुखांतील अगदीं आरंभींच्या कॉफीगृहांत त्याची गणना होते. १८९५ त योहान जेकब्स यानें आपलें दुकान येथेंच थाटलें. १९०६ त लुडविग रोझेलियस यानें कॉफींतील कॅफीन काढून टाकण्याचा कारखाना येथेंच काढला, आणि झोप न उडविणाऱ्या त्या कॉफीच्या पैशांतून ब्योट्शरश्ट्रासे नांवाची अख्खी विटांची गल्ली उभी केली. (त्या पहिल्या पद्धतींत बेन्झीन वापरीत असत, हें आज वाचलें म्हणजे मात्र झोप खात्रीनें उडते.) अशा गांवांत राहून कॉफी मिळत नाहीं असें म्हणणें म्हणजे नाशिकला बिऱ्हाड करून द्राक्षें मिळत नाहींत अशी तक्रार करण्यासारखें आहे.

पण "मिळत नाहीं" असें ते म्हणत नाहींत, "परवडत नाहीं" असें म्हणतात. ठीक, मग हिशेबच करूं या. माझ्या घराजवळच्या कॅफेंत साध्या, गाळलेल्या कॉफीचा कप ३.२५ युरोंना मिळतो. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड हें येथील रूढ प्रमाण. म्हणजे २०० मिलिलिटरच्या कपाला १२ ग्रॅम. त्याच रस्त्यावर एकजण रोज दाणे भाजून विकतो. त्याच्याकडून मी पाव किलो दाणे ७.५० युरोंना घेतों. शहरांत त्याहून चांगले दाणे क्वचितच मिळतील. तरीहि ते मला कपामागें ३६ सेंटांना पडतात. सुपरमार्केटांत अर्ध्या किलोची ती विटेसारखी बंद पुडी ७ युरोंना येते, तिचा कप १७ सेंटांत होतो. जर्मन गृहिणी तीहि पूर्ण किंमतीला घेत नाहीं. आठवड्याच्या जाहिरातपत्रकावर नजर ठेवून भाव उतरला कीं चार पुड्या एकदम घेऊन ठेवते. आमची मंडळी जाहिरातपत्रक कोऱ्या मनानें रद्दींत टाकतात आणि महागाईवर बोलतात.

यावर कोणी म्हणेल, सरकारचा कॉफीवर कर आहे ना? आहे. भाजलेल्या कॉफीवर किलोमागें २.१९ युरो असा खास कर जर्मन सरकार घेतें. पण कपामागें तो अडीच सेंटांहून थोडा अधिक पडतो. त्याच्या नांवानें बोटें मोडण्यांत अर्थ नाहीं. खरी गंमत दुसऱ्या करांत आहे. दाणे घरीं नेले तर मूल्यवर्धित कर ७ टक्के. तेच दाणे कोणी पाण्यांत उतरवून तुमच्या टेबलावर आणून ठेवले तर १९ टक्के. ३.२५ युरोंच्या कपांत हा कर ५२ सेंट होतो. म्हणजे शहरांतल्या उत्तम दाण्यांना मी जेवढे पैसे देतों त्याहून जास्त पैसे कॅफेंत बसणारा नुसत्या कराचे देतो! आणखी मौज अशी कीं, बरोबर न्यावयाच्या पेयांत तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक दूध असलें तर कायदा त्याला दुधाचें पेय समजतो आणि कर पुन्हां ७ टक्क्यांवर येतो. झाकणाचा पेला हातांत धरून आपण कॉफी म्हणून जें मिरवीत नेतों, त्याला सरकारी दप्तरांत दूध म्हणतात. सरकारला जें कळतें तें आपल्याला कां कळूं नये?

मग उरलेले पैसे कशाचे? जागेचें भाडें, वाढणाऱ्या मुलामुलींचे पगार, यंत्र, वीज, आणि मुख्य म्हणजे ज्या खुर्चीवर तुम्ही दीड तास बसतां ती खुर्ची. कॅफेवाला लुटतो असें मी बिलकुल म्हणत नाहीं. तो खुर्ची भाड्यानें देतो व पावती म्हणून कॉफी देतो. खुर्ची हवी असेल तर खुशाल घ्यावी. पण भाड्याला कॉफीची किंमत म्हणूं नये.

अलीकडे नवी सबब ऐकूं येते कीं, दाणेच महागले. खरें आहे, २०२५ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या बाजारांत अरेबिकाचा भाव पौंडामागें ४ डॉलरांच्या वर गेला. पण हिशेब सोडूं नका. बारा ग्रॅम भाजलेल्या दाण्यांसाठीं सुमारें १४ ग्रॅम कच्चे दाणे लागतात. पौंडामागें भाव २ डॉलरांनीं चढला तर कपामागें ६ सेंट चढतात. १९८९ च्या जुलईंत आंतरराष्ट्रीय करारांतील कोट्याची पद्धत मोडली, आणि २००१ पर्यंत हाच भाव पौंडामागें ५० सेंटांच्या खालीं आला. शेतकऱ्याला झाडें उपटून टाकण्याची पाळी आली. त्या वेळीं कॅफेचा कप किती उतरला होता, हें त्या वेळीं येथें राहणाऱ्यांना विचारून पाहा. चढतांना दाण्यांचें नांव सांगावयाचें आणि उतरतांना खुर्चीचें, हा व्यवहार मात्र मला मान्य नाहीं.

आतां सिद्धान्ताचा दुसरा अर्धा : "परवडते ती कॉफी नव्हे." हें म्हणणाऱ्या गृहस्थांच्या स्वयंपाकघरांत काय आहे, तें मीं पाहिलें आहे. एक बाटली पाण्यांत विरघळणाऱ्या पुडीची, आणि एक डबा पुण्याहून सामानांतून आणलेल्या चिकोरीमिश्रित पुडीचा. डबा मार्चमध्यें आला. दिवाळीला त्यांतून वास येत होता तो डब्याचा. दळलेली कॉफी उघड्यावर कांहीं आठवड्यांतच निवते, मग ती कितीहि प्रेमानें आणलेली असो. पण खरी कॉफी म्हणजे तीच, असा त्यांचा आग्रह. कां? तर ती आपली.

चिकोरी आपली केव्हांपासून झाली? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चिकोरीचीं मुळें भाजून कॉफीऐवजीं विकण्याचे कारखाने निघाले ते याच जर्मन मुलुखांत, ब्रन्सविक आणि प्रशियांत. ज्या चवीसाठीं आमचे गृहस्थ सहा हजार किलोमीटरांवरून डबा आणतात, ती चव मूळची त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यांतली आहे! आणि त्या चवीविषयीं खुद्द जर्मन लोकांचें मत काय, हें ऐकण्यासारखें आहे. १९७५ त ब्राझीलमध्यें कडक हिंव पडून बागा करपल्या आणि दोन वर्षांत कॉफीचा भाव कडाडला. पूर्व जर्मनीच्या सरकारजवळ परकी चलन नव्हतें. १९७७ त त्यानें स्वस्त कॉफी बंद करून "काफी-मिक्स" नांवाचें मिश्रण काढलें : ५१ टक्के कॉफी, बाकी राय, वाटाणे, चिकोरी असलें कांहींबाहीं. निमूटपणें पुष्कळ सोसणाऱ्या त्या लोकांनीं हें मात्र सोसलें नाहीं. तक्रारींचा पाऊस पडला, पक्षाच्या पुढाऱ्याच्या नांवावरून मिश्रणाची थट्टा झाली, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढें व्हिएतनाममध्यें कॉफीच्या लागवडीला त्या सरकारनें जी मदत केली तिचें एक कारण हेंच. आतां आपल्या डब्यावरील बारीक अक्षरें वाचा. भारतांतील नियमाप्रमाणें कॉफी-चिकोरी मिश्रणांत कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. ज्या प्रमाणावरून तेथें सरकारची अब्रू गेली, तेंच प्रमाण आम्ही आईच्या हातची चव म्हणून कवटाळून बसलों आहों.

गैरसमज नको. माझी आई कॉफी दुधांत उकळीत असे व वर जायफळ किसून घालीत असे. त्या वासाला तोड नाहीं आणि तिच्याविरुद्ध मी अक्षर लिहिणार नाहीं. जायफळ उत्तम. पण जायफळाखालीं काय आहे तें पाहावयास नको काय? कर्नाटकाच्या डोंगरांतले दाणे इटलींत व जर्मनींत मोठ्या प्रमाणावर येतात, येथील मिश्रणांत मिसळतात आणि आपलें नांव हरवून पुड्यांतून बाहेर पडतात. "आपली कॉफी येथें नाहीं" म्हणणारा मनुष्य ती सकाळसंध्याकाळ पीत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

दुसऱ्या टोकाला आमचे तरुण रसिक आहेत. त्यांना दाण्यांत जर्दाळू लागतो, चमेली लागते, आणि दूध घालणारा मनुष्य लागत नाहीं. त्यांच्याशीं माझें भांडण थोडें आहे. ते निदान दाणे ताजे घेतात. पण तीनशें युरोंची चक्की व तराजू घेतल्याशिवाय कॉफी होत नाहीं असें जेव्हां ते नव्या आलेल्या मुलाला सांगतात, तेव्हां तेहि त्याच सिद्धान्ताला हातभार लावतात. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्स या गृहिणीनें १९०८ त मुलाच्या वहींतला टीपकागद आणि भोकें पाडलेलें पितळी भांडें घेऊन जें साधलें, त्यासाठीं तीनशें युरो लागत नाहींत.

आतां उपद्रवाची गोष्ट. त्याच बैठकींत विद्यापीठांत शिकणारी एक मुलगी होती. विद्यार्थ्याला येथें येण्यापूर्वीं खर्चाची रक्कम बँकेंत अडकवून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरापासून ती महिन्याला ९९२ युरो या हिशेबानें धरतात. तेवढ्यांत खोली, विमा, जेवण. ही मुलगी जवळजवळ रोज कॅफेंत एक कप घेई. महिन्याचे सुमारें ८५ युरो, म्हणजे जवळजवळ बारावा हिस्सा. हें कळल्यावर गृहस्थांनीं तिला सर्वांदेखत उपदेश केला कीं, विद्यार्थ्यांनीं कॉफी सोडावी, आमच्या वेळीं आम्ही नळाचें पाणी पिऊन शिकलों. मला फ्रेडरिक राजाची आठवण झाली. १७७७ त त्यानें जाहीरनामा काढला कीं, प्रजा फार कॉफी पिते, पैसा परदेशीं जातो, तेव्हां लोकांनीं पूर्वजांप्रमाणें बियर प्यावी. राजा स्वतः कॉफी पीत होताच. पुढें त्यानें घरीं दाणे भाजण्यावर बंदी घातली आणि भाजल्याचा वास हुंगीत रस्त्यांतून फिरण्यासाठीं जायबंदी शिपाई नेमले. आमच्या मंडळांत असल्या हुंगणाऱ्यांची नेमणूक करावी लागत नाहीं. ते आपखुशीनें काम करतात.

बैठक संपल्यावर ट्रामच्या थांब्यावर मीं तिला माझा हिशेब सांगूं लागलों : ३६ सेंट, ६० ग्रॅम, वगैरे. तिनें सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "काका, कॉफी मला खोलीवर करतां येते हो. पण डिसेंबरांत खोलीवर चार वाजतां काळोख होतो आणि दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत कोणाचा आवाज कानावर पडत नाहीं. तिथें निदान कपबशा तरी वाजतात."

माझा हिशेब बरोबर होता, पण तो या मुलीच्या कामाचा नव्हता. ती खुर्चीच घेत होती, आणि जाणून घेत होती, फसलेली नव्हती. फसवीत होतों आम्ही. कारण "चांगली कॉफी परवडत नाहीं" या वाक्याआड आमच्या पंचवीस घरांनीं आपलीं दारें सोयिस्करपणें लावून घेतलीं होतीं. कॉफी वाईट, म्हणून कोणाला कॉफीला बोलवावयाचें नाहीं. बोलवावयाचें तें दिवाळीला, चकलीसाठीं. ब्रेमेनच्या घरांत रविवारीं दुपारीं केक आणि कॉफी मांडून शेजाऱ्याला हांक मारतात, त्यांत किटलीभर कॉफीला दीड-दोन युरोंहून अधिक खर्च नसतो. आम्ही त्याच दुपारीं पडदे ओढून पुण्याशीं व्हिडिओवर बोलतों आणि येथले लोक थंड आहेत असें सांगतों.

विद्यापीठाच्या उपाहारगृहांत स्वस्त कप मिळतो, हेंहि मीं तिला सुचविलें. रविवारीं तें बंद असतें, असें तिनें सांगितलें. आणि चार वाजतांचा काळोख रविवारींच जास्त असतो.

पुढच्या महिन्यांत जुन्या बाजारांत मला लाकडी पेटीची एक हातचक्की आठ युरोंना मिळाली, आणि कांठाला किंचित् टवका गेलेलें चिनीमातीचें गाळणें दोनांना. तीं मीं तिला दिलीं. कॅफे तिनें सोडलें नाहीं, आठवड्यांतून दोनदां जाते. मीहि सोड म्हटलें नाहीं. पण रविवारीं तिच्या मजल्यावरील सामाईक स्वयंपाकघरांत आतां चक्की फिरते. एक कोरियन मुलगी, एक घानाचा मुलगा आणि एक खुद्द ब्रेमेनचीच मुलगी असे तिघेजण दाण्यांची वर्गणी काढतात. दोनदां आम्हां उभयतांनाहि बोलावणें आलें. कॉफी जरा कडक होती.

यंदाच्या फराळाला मी माझी किटली, गाळणें आणि त्याच आठवड्यांत भाजलेले अर्धा किलो दाणे घेऊन जाणार आहें. गृहस्थांनीं जायफळ तेवढें काढून ठेवावें.