चर्च 'करून' येणाऱ्यांसाठी

"आम्ही काश्मीर केलं, दुबई केलं, आता जॉर्जिया केलं." हे 'करणं' मला काही केल्या झेपत नाही.

जॉर्जिया केलेल्यांच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. मागे ५००० मीटरहून उंच, बर्फाने झाकलेला काझबेक आणि पुढे टेकडीवर एकटंच उभं दगडी चर्च. हे गेर्गेतीचं पवित्र त्रैक्याचं चर्च, १४ व्या शतकातलं. सकाळी तिबिलिसीहून गाडी, चर्चच्या दारापर्यंत गाडी, वर जेमतेम अर्धा तास, फोटो, परत गाडी. झालं!

अहो, पण ते चर्च तिथे वर का आहे, हा प्रश्न कुणालाच पडत नाही? खाली गाव होतं, नदी होती, रस्ता होता. तरी २१७० मीटरवर दगड रचले. ही अवघड जागा पुढे कामी आली. शत्रू चालून आला की म्त्स्खेताच्या मुख्य चर्चमधल्या मौल्यवान वस्तू इथे आणून लपवत. संत निनोचा क्रूससुद्धा. थोडक्यात, इथे सहज पोचता येत नाही हाच या जागेचा मोठा गुण होता.

सोव्हिएत राजवटीत इथली प्रार्थना बंद पडली. मग १९८८ मध्ये सरकारने थेट वर जाणारी केबलकार बसवली. गावकऱ्यांना तो पवित्र जागेचा अपमान वाटला आणि थोड्याच काळात त्यांनी ती मोडून टाकली. त्यांना जे कळलं ते आपल्याला का कळू नये?

आता वरपर्यंत पक्का रस्ता आहे. "मग म्हाताऱ्यांनी काय करायचं?" हा प्रश्न येणारच. आजी-आजोबांनी खुशाल गाडीने जावं, रस्ता त्यांच्यासाठीच चांगला आहे. माझं भांडण आहे ते पंचविशीतल्या, दर रविवारी सिंहगड चढून त्याचे फोटो टाकणाऱ्या मंडळींशी. खालच्या स्तेपान्त्समिंदा गावापासून चढ आहे साधारण ४३० मीटरचा. म्हणजे सिंहगडापेक्षा कमीच! गडावर घाम गाळायचा आणि तिथे टॅक्सीने जायचं, हे कुठलं लॉजिक?

आणि हो, आजही तिथे रोजची प्रार्थना चालते. बायकांनी डोकं झाकायचं, आत कॅमेरा बंद. हे नियम पाळणं जड जात असेल तर खाली गावातूनही फोटो छान येतो.

बघा बुवा. एक दिवस मुक्काम वाढवा, सकाळी लवकर निघा, चालत जा. 'केलं' म्हणायचंच असेल तर निदान काहीतरी करा तरी!