ससा घरी आणण्यापूर्वी

मुलांनी हट्ट धरला, 'आई, पांढरा ससा हवाच!' आणि तुम्ही 'बरं' म्हणून बसलात ना? मग पिंजऱ्याआधी जागा बघा. आपल्या अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. 30 अंशांपुढे त्याचे हाल सुरू होतात. आमचा पहिला ससा मी गच्चीवर टिनाखाली ठेवला होता. दुपारची झोप काढून वर गेले, तोवर सारे संपले होते. म्हणून हे लिहिते.

पिंजरा कूलरच्या खोलीत ठेवा, पण झोत थेट अंगावर नको. नुसत्या जाळीने पाय सोलतात. वर गोणपाट अंथरा. विजेच्या वायरी उचलून ठेवा. दात सतत वाढतात, म्हणून तो दिसेल ते कुरतडतो. खायला मुख्यतः वाळलेले गवत आणि हरळी, जोडीला थोडा सांबार. गाजर चवीपुरतेच. पोळी, बिस्किट, कांदा मुळीच नको. कान धरून उचलू नका. नर-मादी एकत्र ठेवाल, तर महिन्याभरात पिल्ले!

दिवसभर त्याने खाल्ले नाही, तर 'उद्या बघू' म्हणू नका. लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. शेतातला रानससा मात्र कुणी दिला तरी घेऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो पाळता येत नाही.

ससा आठ-दहा वर्षे जगतो. मुले कॉलेजात जातील, पिंजरा तुम्हालाच झाडायचा आहे. तेवढी तयारी असेल, तरच 'हो' म्हणा.