धर्मपीठावरून उठून गेलेले

अकोल्यातील एका अभ्यासवर्गात एका महाविद्यालयीन तरुणाने विचारलेला प्रश्न मनातून जात नाही. रोमच्या ज्यू समाजाचा मुख्य धर्मगुरूच कॅथलिक झाला. काशीतला एक मराठी शास्त्री ख्रिस्ती झाला. मराठीतला एक थोर कवी पाद्री झाला. ज्यांना आपला धर्म इतरांहून अधिक कळत होता तेच जर निघून गेले, तर त्या धर्मातच काही उणे होते असे का मानू नये? वर्गात क्षणभर शांतता पसरली. प्रश्न उद्धट नव्हता, प्रामाणिक होता. आणि प्रामाणिक प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नाही.

आधी रोमची हकीकत. इस्रायल झोली हे १९४० पासून रोमचे मुख्य रब्बी होते. हिब्रू धर्मग्रंथांचे ते मोठे अभ्यासक. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी रोम ताब्यात घेतले आणि तेथील ज्यूंकडे पन्नास किलो सोन्याची खंडणी मागितली. सोने देऊनही संकट टळले नाही. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी नाझींनी ज्यू वस्तीवर धाड घातली. हजाराहून अधिक माणसे ऑशविट्झच्या छळछावणीकडे रवाना झाली आणि त्यांतली जेमतेम सोळा परत आली. झोली भूमिगत होऊन वाचले. संकटकाळी मुख्य रब्बी आपल्यापासून दूर राहिला, असे समाजातील अनेकांना वाटले. तर पांगून जाण्याचा आपला इशारा पुढाऱ्यांनी ऐकला नाही, असे झोलींचे म्हणणे होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तत्कालीन पोपचे मूळ नाव ‘युजेनिओ’ हेच स्वतःला घेतले. प्रार्थनामंदिरात उपासना चालू असताना आपल्याला ख्रिस्ताचे दर्शन घडले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले.

त्या दर्शनाचा न्यायनिवाडा करणारे आम्ही कोण? एका माणसाच्या अंतःकरणात काय घडले हे तो माणूस आणि परमेश्वर जाणे. परंतु धर्मगुरूचे मतांतर हे त्याच्या एकट्यापुरते कधीच राहत नाही. स्पेनमध्ये बुर्गोस येथील विद्वान रब्बी सोलोमन हा-लेवी १३९०-९१ च्या सुमारास ख्रिस्ती झाला आणि पुढे त्याच नगरात बिशप म्हणून बसला. १४१३-१४ मध्ये तोर्तोसा येथे ज्यू रब्बींना वादसभेत उभे करण्यात आले, तेव्हा ख्रिस्ती पक्षाचा मुख्य वक्ता होता ज्यू परंपरेतच शिकलेला एक मतांतरित पंडित. घरातले कोनाडे ज्याला ठाऊक, त्यालाच घर फोडण्यासाठी पुढे करावयाचे ही युक्ती जुनी आहे.

ही रीत आपल्याकडेही आली. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण. मिशनऱ्यांचे खंडन करण्याच्या ईर्षेने ते त्यांच्याकडे जाऊ लागले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहून त्यांनी हिंदू शास्त्रांची बाजू समर्थपणे मांडली, तेव्हा त्यांनी विशीही धड ओलांडली नव्हती. आणि १८४८ साली जौनपूर येथे त्याच नीळकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला! पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी आपल्याच दर्शनांवर प्रहार केला. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे नेण्यात त्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. एक शास्त्री गेला, त्याच्यामागे एक पंडिता गेली.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. विद्वान गेला म्हणून धर्म हरला काय? इतिहास तसे सांगत नाही. झोली गेले, पण रोमचा ज्यू समाज राहिला. बुर्गोसचा रब्बी गेला, तोर्तोसाची सभा झाली, १४९२ साली स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली. तरीही १९४८ मध्ये इस्रायल उभे राहिले. इतकेच नव्हे, १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेत ज्यूंविषयीची भूमिका चर्चलाच बदलावी लागली. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॅटिकनच्याच एका आयोगाने स्पष्ट लिहिले की, ज्यूंना उद्देशून कोणतेही संस्थात्मक मिशनकार्य कॅथलिक चर्च चालवीत नाही आणि त्याला पाठिंबाही देत नाही.

हे वाचून आम्हांला आनंद झाला. त्याबरोबरच एक प्रश्नही पडला. नोव्हेंबर १९९९ मध्ये, ऐन दिवाळीत, पोप जॉन पॉल दुसरे आपल्या राजधानीत आले आणि तिसऱ्या सहस्रकात आशिया खंडात श्रद्धेचे मोठे पीक काढण्याची भाषा करून गेले. ज्यूंच्या बाबतीत जो संयम शोभतो, तो हिंदूंच्या बाबतीत का शोभू नये? ज्यूंशी असलेले नाते चर्च वेगळे मानते, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु आमची उपासना ही कापणीला आलेले शेत आहे आणि दुसऱ्याची मात्र वडिलार्जित ठेव, हा भेद आम्ही का मान्य करावा? धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे मतांतरण करण्याचा अधिकार अंतर्भूत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच सांगितले आहे. संवाद हवा असेल तर तो बरोबरीचा असावा, एवढीच आमची मागणी आहे.

परंतु सगळा दोष परक्याच्या पदरात टाकून मोकळे होणे हा आत्मवंचनेचा मार्ग आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री परळीकर हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. न्यायालयाने त्या अजाण मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. आता त्याला जातीत घ्यावयाचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी कळवळून त्याची बाजू घेतली. तेव्हा सनातनी मंडळींनी केवढे काहूर माजवले! बाप्तिस्माही न झालेले एक पोर स्वगृही घेताना ज्या समाजाची छाती दडपते, त्या समाजातून बाहेर गेलेला शहाणा माणूस परत फिरणार तरी कोठे? थोरला भाऊ परतला नाही. तो रेव्हरंड झाला आणि आमच्या बुलढाण्याच्या शिवेला लागून असलेल्या जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत त्याने उभी केली. आम्ही ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्या मांग समाजात तो काम करीत राहिला. दार आम्ही लावले आणि बाहेर उभ्या असलेल्यांना आसरा दुसऱ्याने दिला.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण तर अधिकच अंतर्मुख करणारे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर म्हणजे राष्ट्रांतर, हे स्वातंत्र्यवीरांचे सूत्र अनेक ठिकाणी खरे ठरले. टिळकांच्या बाबतीत मात्र ते पूर्ण लागू पडत नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. त्यांनी मत बदलले, मायभूमी बदलली नाही. ख्रिस्ताची भक्तीही त्यांनी अभंग आणि कीर्तनातून केली. परदेशी मिशनच्या वर्चस्वाचा त्यांना वीट आला आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. ज्ञानोबा-तुकोबांची भाषा ख्रिस्ती झालेल्या टिळकांच्या जिभेवरून गेली नाही. अशा माणसाची तहान आमच्या विहिरीवर भागली नाही, हा दोष विहिरीतल्या पाण्याचा की विहिरीवर पहारा करणाऱ्यांचा?

वऱ्हाडाला हा प्रश्न परका नाही. मेळघाटातील कोरकूंच्या पाड्यांपर्यंत मिशनरी पोहोचले त्याला शतक उलटले. १९५४ मध्ये मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रदेशातच होते. १९५५ साली अमरावतीला कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आणि त्याच अमरावतीत, आमच्याच अंबादेवीच्या दारात, १९२७ साली आमच्याच बांधवांना मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह पुकारावा लागला, हेही विसरता येणार नाही.

पण या मातीने उत्तरेही दिली आहेत. अमरावती जिल्ह्यातील गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टीला मुकले. जन्म शेतकरी कुणब्याच्या घरचा. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दर्शनांवर ग्रंथरचना केली आणि पाश्चात्त्य विचारवंतांची मते ऐकून, समजून घेऊन त्यांचा परामर्श घेतला. गाडगेबाबांनी खराटा आणि कीर्तन हातात घेऊन धर्मशाळा बांधल्या. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. तिच्यात जात विचारली जात नसे. १९६९ मध्ये उडुपीला धर्माचार्यांनी एकमुखाने अस्पृश्यतेला धर्माचा आधार नाही असे घोषित केले, तोही याच वाटेवरचा टप्पा होता. ज्ञान, सेवा आणि समरसता ही तीन उत्तरे आमच्याजवळ आहेत.

म्हणून त्या तरुणाला आमचे सांगणे इतकेच. विद्वान गेला की त्याच्या नावाने बोटे मोडू नकोस आणि स्वतःच्या धर्माविषयी खजीलही होऊ नकोस. तो का गेला, हे विचार. शंका घेऊन तो कोणाकडे गेला होता आणि कोणी त्याला झिडकारले, हे शोध. आमच्या किती घरांत आज मुलाच्या प्रश्नाला वडील उत्तर देऊ शकतात? किती मंदिरांत पूजेबरोबर एखाद्या ग्रंथाचे वाचन चालते? मेळघाटातल्या पाड्यावर आपला कार्यकर्ता वर्षातून एकदा ब्लँकेट वाटायला जातो की बारा महिने तेथे राहतो?

ख्रिस्ती बांधवांशी आमचे वैर नाही. आमचे भांडण आहे ते आमच्याच आळसाशी. ज्या घरात दिवा तेवत असतो आणि दार उघडे असते, त्या घरातला माणूस सहसा बाहेर पडत नाही. आणि पडलाच, तर संध्याकाळी परतण्याची वाट त्याला दिसत असते.