मैदानासाठी अनुदान आहे, पण जागा?

विरारचा पृथ्वी शॉ लहानपणी क्रिकेटच्या सरावासाठी लोकलने वांद्र्याला जायचा. मग वसई-विरारमध्ये मैदानांसाठी सरकार पैसे देत नाही का?

देतं. २०२२ मध्ये राज्याने तालुका क्रीडा संकुलासाठीची अनुदान मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपये केली. क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकासासाठीही वेगळं अनुदान आहे. त्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो.

मग अडतं कुठे? हे पैसे सुविधा उभारण्यासाठी असतात. जागा आधी हातात हवी. शहरात ती मिळते विकास आराखड्यातल्या आरक्षणातून. वसई-विरारचा आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला. एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ नुसार, आरक्षित जागा १० वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षणच रद्द होतं.

म्हणून निधीची घोषणा ऐकली की दोन प्रश्न विचारा. आपल्या प्रभागात मैदानासाठी आरक्षित जागा कोणती? आणि ती महापालिकेच्या ताब्यात आली का? जागेवर एकदा इमारत उभी राहिली, की ५ कोटींतही मैदान परत मिळत नाही.